विश्लेषण : स्वार तयार आहे, पण घोडा कोण देणार?

पुण्याच्या आशीष लिमयेने आशियाई अश्वारोहण स्पर्धेत 'इव्हेंटिंग'चे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. ज्या मराठी मुलखाने एकेकाळी घोड्याच्या पाठीवर राज्य उभे केले, तिथे आज सामान्य घरातल्या मुलाला या खेळात उतरायचे असेल तर वाट कुठून सुरू होते? आणि ती नेमकी कुठे अडते?

लग्नसराईत छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर घोडा हमखास दिसतो. डोक्याला तुरा, गळ्यात माळा, पुढे बँड, वर नवरदेव. शहरातल्या बहुतेक मुलांनी घोडा जवळून पाहिलेला असतो तो वरातीतच. हेच शहर मलिक अंबरने १६१० मध्ये 'खडकी' म्हणून वसवले आणि हलक्या, चपळ घोडदळाच्या जोरावर मुघलांच्या अवजड फौजांना दख्खनमध्ये हैराण केले. त्या घोडदळाच्या गावात आज घोडेस्वारी हा करिअरचा विषय नाही. पण महाराष्ट्रातल्याच एका स्वाराने २०२५ च्या अखेरीस तो विषय पुन्हा समोर आणला.

पटायात काय घडले?

नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये थायलंडमधील पटाया येथे आशियाई अश्वारोहण स्पर्धा झाली. तिथे 'विली बी डन' या घोड्यावर स्वार झालेल्या आशीष लिमयेने इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. या स्पर्धेत इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण भारताला प्रथमच मिळाले. सांघिक प्रकारातही भारताने रौप्य जिंकले.

हे यश एका रात्रीतले नाही. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत लिमये याच घोड्यावर उतरला होता. पहिल्या दिवशी, म्हणजे ड्रेसाजमध्ये, त्याची सुरुवात उत्तम झाली. पदक मात्र हाती आले नाही. पहिला दिवस कितीही चांगला गेला तरी पुढचे दोन दिवस सगळे पुसून टाकू शकतात, हे या खेळाचे वैशिष्ट्य आहे. तोच स्वार, तोच घोडा दोन वर्षांनी परत आला आणि सुवर्ण घेऊन गेला. 'तोच घोडा' हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण या खेळातली सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते.

इव्हेंटिंग म्हणजे नेमके काय?

सोप्या भाषेत सांगायचे तर ही घोड्याची आणि स्वाराची मिळून त्रिस्तरीय परीक्षा. एकच जोडी तीन वेगवेगळ्या कसोट्यांना सामोरी जाते.

पहिली कसोटी ड्रेसाजची. आखून दिलेल्या मैदानात घोड्याने ठरलेल्या क्रमाने चालणे, दुडकी धरणे, वळणे, थांबणे. स्वाराचा इशारा प्रेक्षकाला दिसू नये आणि घोड्याला मात्र कळावा, अशी अपेक्षा. यात ताकदीपेक्षा शिस्त आणि विश्वास तपासला जातो.

दुसरी कसोटी क्रॉस कंट्रीची. मोकळ्या माळावर, चढ-उतारावर, लाकडाचे ओंडके, चर, पाण्याचे डबके, उंच कठडे अशा पक्क्या अडथळ्यांवरून घोडा भरधाव न्यायचा. वरच्या पातळीवर वेग मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर असतो. अडथळे १.२० मीटरपर्यंत उंच असतात. खेळाडू आणि घोडा दोघांसाठीही हाच सर्वांत धोक्याचा दिवस.

तिसरी कसोटी शो जंपिंगची. इथले अडथळे आडव्या दांड्यांचे असतात आणि पायाच्या नुसत्या स्पर्शानेही पडतात. आदल्या दिवशी बेफाम धावलेला घोडा आज पाय जपून उचलतो का, हे इथे पाहतात.

शिवाय स्पर्धेपूर्वी आणि जंपिंगपूर्वी पशुवैद्य आणि पंच घोड्याची तपासणी करतात. घोडा किंचित जरी लंगडला तरी खेळ तिथेच संपतो, मग स्वार कितीही पुढे असो.

या खेळाचे मूळ लष्करात आहे. लष्करी घोडा संचलनात शिस्तीचा, मोहिमेत दमदार आणि मोहिमेनंतरही कामाचा असायला हवा, यातून या तीन कसोट्या ठरल्या. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकपासून इव्हेंटिंग ऑलिम्पिकमध्ये आहे. सुरुवातीला त्यात फक्त लष्करी अधिकारी उतरत. महिलांना १९६४ मध्ये प्रवेश मिळाला आणि आता स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच निकषावर लढतात. टोकियोत वैयक्तिक सुवर्ण जर्मनीच्या युलिया क्राएव्हस्कीने जिंकले. इव्हेंटिंगचे वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली महिला.

गुण कसे मोजतात?

इथे गुण मिळवायचे नसतात, दंड वाचवायचा असतो. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजेता. समजण्यासाठी बंगळूरुच्या फवाद मिर्झाचा टोकियो ऑलिम्पिकमधला हिशेब पाहू. 'सेन्यूर मेडिकॉट' या घोड्यावर तो उतरला होता.

ड्रेसाजमध्ये पंचांनी दिलेली सरासरी टक्केवारी शंभरातून वजा करतात. मिर्झाचा दंड २८.०० होता, म्हणजे त्याला ७२ टक्के मिळाले.

क्रॉस कंट्रीत घोड्याने अडथळा पहिल्यांदा नाकारला तर २० दंड, त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा नाकारला तर ४० आणि स्वार किंवा घोडा पडला तर थेट बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर दर सेकंदाला ०.४ दंड. टोकियोत ठरलेली वेळ ७ मिनिटे ४५ सेकंद होती. मिर्झाला २८ सेकंद जास्त लागले, म्हणून ११.२० दंड वाढला आणि बेरीज झाली ३९.२०.

जंपिंगमध्ये एक दांडी पडली की ४ दंड. पहिल्या फेरीत ८ दंड लागून बेरीज ४७.२० वर गेली, तरीही तो अंतिम फेरीत पोहोचला. त्या फेरीत १२.४० दंड लागला आणि शेवटचा आकडा आला ५९.६०. क्रमांक २३ वा.

पदक नव्हते, पण भारतीय अश्वारोहणासाठी हा मोठा टप्पा होता. त्याआधी २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये मुंबईचा इम्तियाज अनीस उतरला होता. मधली दोन दशके ऑलिम्पिकच्या अश्वारोहणात भारताचा एकही स्वार नव्हता. एकशे चाळीस कोटींच्या देशात स्वारीचे गुण असलेले मूल वीस वर्षांत जन्मलेच नाही, असे कोणी म्हणणार नाही. मग अडले कुठे?

स्वाराची कारकीर्द घडते कशी?

क्रिकेटपटू बॅट बदलू शकतो, नेमबाज नवी रायफल घेऊ शकतो. स्वाराचे 'साहित्य' जिवंत असते. त्याला भूक लागते, ताप येतो, पाय मुरगळतो, मूड जातो. ऑलिम्पिकच्या इव्हेंटिंगसाठी घोडा किमान आठ वर्षांचा असावा लागतो. म्हणजे घोडा मैदानात दिसण्याआधी त्याच्या मागे अनेक वर्षांचा खर्च आणि मेहनत झालेली असते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या पातळ्या एक तारा ते पाच तारे अशा आहेत. इंग्लंडमधील बॅडमिंटन आणि बर्ली, अमेरिकेतील केंटकी ही पंचतारांकित स्पर्धांची मानाची नावे. एका पातळीवर ठरावीक निकाल दिल्याशिवाय वरच्या पातळीवर जाता येत नाही. ऑलिम्पिकसारख्या स्पर्धेसाठी हे पात्रतेचे निकाल स्वार आणि घोडा या जोडीने मिळून मिळवावे लागतात.

घोडा जखमी झाला, विकला गेला किंवा मालकाने काढून घेतला, तर स्वाराचे हातपाय शाबूत असूनही त्याची पात्रता जाते. नव्या घोड्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मिर्झाच्या टोकियोच्या तयारीतही हे दिसले. सुरुवातीला 'दजारा ४' या घोडीचे नाव पुढे होते, प्रत्यक्षात उतरला तो 'सेन्यूर मेडिकॉट'वर. हे जमले, कारण त्याच्याकडे एकापेक्षा अधिक दर्जेदार घोडे होते. आणि ते होते, कारण बंगळूरुचा एम्बसी समूह वर्षानुवर्षे त्याच्या पाठीशी उभा राहिला. जर्मनीत राहून, तिथल्या नामवंत प्रशिक्षकांच्या हाताखाली सराव करणे त्यामुळेच शक्य झाले.

या खेळात एक गोष्ट मात्र स्वाराच्या बाजूची आहे. कारकीर्द लांब असते. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू हॉयने टोकियोत वयाच्या ६२ व्या वर्षी दोन पदके जिंकली. जर्मनीच्या मिखाएल युंगने २०१२, २०१६ आणि २०२४ अशी तीन वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णे मिळवली. स्वारावर केलेली गुंतवणूक पंचविशीत संपत नाही.

भारतातच सराव करून परदेशात का जाता येत नाही?

इथेच घोडं पेंड खातं. स्वाराला व्हिसा मिळतो, घोड्याला मिळत नाही.

घोड्यांची ये-जा आंतरराष्ट्रीय रोगनियंत्रणाच्या नियमांनी बांधलेली आहे. ग्लँडर्स, सर्रा, इक्वाइन इन्फ्लुएन्झा, पायरोप्लाझमोसिस, इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया यांसारख्या आजारांमुळे भारतातून घोडा युरोपात स्पर्धेसाठी नेणे जवळपास अशक्य होऊन बसले होते. परिणामी आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळायचे असेल तर घोडा युरोपातच घ्यायचा, युरोपातच ठेवायचा आणि स्वारानेही तिथेच राहायचे, अशी रीत पडली. हांगझोऊत ४१ वर्षांनी भारताला अश्वारोहणाचे सुवर्ण मिळवून देणाऱ्या ड्रेसाज संघातले चारही खेळाडू युरोपात सराव करत होते. त्यातला हृदय छेडा मुंबईचा.

२०२५ च्या जुलैमध्ये एक महत्त्वाची बातमी आली. मेरठ छावणीतील लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्राला जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने 'अश्वरोगमुक्त विभाग' म्हणून मान्यता दिली. भारतातली ही अशी पहिली जागा. कडक जैवसुरक्षेत ठेवलेला भारतीय घोडा परदेशी स्पर्धेला जाण्याची वाट यातून उघडू शकते. पण सध्या ती वाट एका केंद्रापुरती आहे. मेरठमध्ये जे लष्कराने केले, ते एखादे राज्य आपल्या हद्दीत करू शकते का, हा विचार महाराष्ट्रात अजून सुरूही झालेला दिसत नाही.

शिलेदार आणि बारगीर : जुन्या शब्दांचा आजच्या खेळाशी काय संबंध?

शाळेच्या इतिहासात हे दोन शब्द सर्वांनी वाचले आहेत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि शस्त्र घेऊन येणारा स्वार. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि शस्त्र सरकारातून मिळते तो. शिवकाळात बारगिरांच्या पागांना मोठे महत्त्व होते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, अशी व्यवस्था होती. म्हणजे घोडा दिला की काम संपले, असे नव्हते. त्याला पाणी कोण पाजणार आणि नाल कोण ठोकणार, याचीही तरतूद होती.

या व्यवस्थेतला शहाणपणा असा की ज्याच्या घरी घोडा नाही, पण अंगात रग आहे, असा शेतकऱ्याचा पोरगाही स्वार होऊ शकला. फक्त शिलेदारांवर विसंबून राहिले असते, तर ज्यांना घोडा परवडतो तेवढेच लोक घोडदळात दिसले असते.

आजचे भारतीय अश्वारोहण नेमके असेच आहे. एका बाजूला ऐपतदार घरातले शिलेदार. दुसऱ्या बाजूला बारगीर, पण त्यांना घोडा देणारे दोनच : लष्कर, किंवा एखादा उदार उद्योगसमूह. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे रघुबीर सिंग ६१ कॅव्हलरीचे होते. त्या स्पर्धेत रौप्य आणि कांस्यही भारताचेच होते आणि सांघिक सुवर्णही. ते बारगिरांचे यश होते, घोडे लष्कराच्या पागेतले होते. २०१८ मध्ये जकार्तात मिर्झाने वैयक्तिक रौप्य जिंकले, तेव्हा पागा उद्योगसमूहाची होती. ज्याच्या घरी पैसा नाही, जो लष्करात नाही आणि ज्याला उद्योगपती ओळखत नाही, त्या मुलासाठी तिसरी पागा नाही. प्रतिभेचा प्रश्न त्यानंतर येतो.

सरकार काही करत नाही का?

करते, पण बहुतेक वेळा नंतर. पदक मिळाले की बक्षीस जाहीर होते, सत्कार होतो, नोकरी मिळते. पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकल्यावर राज्य सरकारने एक कोटीचे बक्षीस जाहीर केले. खेळाडूला त्याचे श्रेय मिळायलाच हवे, त्यात वाद नाही. पण अश्वारोहणात पदकानंतर दिलेला पैसा म्हणजे अक्षरशः वरातीमागून घोडे. इथे पैसा लागतो तो पदकाच्या आठ-दहा वर्षे आधी, जेव्हा स्वार बारा वर्षांचा असतो आणि त्याला बसायला एक शांत, शिकवलेला घोडा हवा असतो.

ऑलिम्पिकच्या जवळ पोहोचलेल्या खेळाडूंसाठी केंद्राच्या योजना आहेत. पण तिथपर्यंत पोहोचण्याचे पहिले जिने खासगीच आहेत. त्यात राष्ट्रीय महासंघाच्या कारभाराचा वाद अनेक वर्षे दिल्ली उच्च न्यायालयात गाजतो आहे. संघटना कोर्टात आणि खेळाडू युरोपात, अशा स्थितीत जिल्ह्यातल्या मुलाकडे पाहायला कोणाला वेळ असणार?

दुष्काळी मराठवाड्यात घोडे? हा श्रीमंती चोचला नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि टाळून चालणार नाही. ज्या शहरात नळाला पाणी यायची आठवडाभर वाट पाहिली जाते, ज्या विभागात शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, तिथे घोड्यांवर सरकारी पैसा का घालायचा?

आधी पाण्याचा हिशेब. एका मोठ्या घोड्याला दिवसाला पिण्यासाठी साधारण ४० लिटर पाणी धरू. २५ घोड्यांना हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये २५ घोड्यांची दहा दिवसांची तहान भागते. धुण्या-पुसण्याचे पाणी वेगळे, पण हिरवळ राखाव्या लागणाऱ्या एखाद्या मैदानाच्या तुलनेत हे फार नाही. चाऱ्याचे म्हणाल तर पाचशे किलोचा घोडा दिवसाला साधारण दहा किलो कोरडा चारा आणि चंदी खातो. हा चारा, हरभरा, ओट इथल्या शेतातून घेता येतो. तो पैसा परिसरातच फिरतो.

दुसरे, 'परदेशी, महागडा खेळ' हे लेबल या शहराने एकदा खोटे ठरवले आहे. तलवारबाजी हा युरोपातून आलेला, साहित्य महाग असलेला खेळ. पण शहरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, तिथे तलवारबाजीचे प्रशिक्षण मिळते आणि आज साध्या घरांतली मुले मुखवटा घालून सराव करताना दिसतात. खेळ श्रीमंतांचा असतो तो साहित्य घरून आणावे लागते तोवर. साहित्य केंद्रात मिळाले की तो गुणवत्तेचा होतो. तलवारीला जे लागू पडले ते घोड्याला का पडू नये?

तिसरे, घोडा इथे परका नाही. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आजही घोडेबाजारासाठी ओळखल्या जातात. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. एनसीसीमध्ये घोडेस्वारी शिकवणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटरनरी तुकड्या असतात. सुटे भाग सगळे आहेत, जोडणी कोणी केलेली नाही.

मग करायचे काय?

उपाय मोठ्या संकुलाचा नाही. उद्घाटनाला फीत कापायची आणि पुढच्या वर्षी गवत वाढलेले पाहायचे, हा अनुभव राज्यातल्या अनेक क्रीडा संकुलांनी दिला आहे. हवी आहे ती एक लहान, रोज चालणारी सरकारी पागा. जुन्या हिशेबानेच, पंचवीस घोड्यांची.

घोडे कुठून आणायचे? पुणे आणि मुंबईच्या रेसकोर्सवरून दरवर्षी घोडे निवृत्त होतात. देशातल्या अनेक रायडिंग क्लबमध्ये असेच घोडे नव्याने शिकवून वापरले जातात. ते तापट असतात, त्यामुळे नवशिक्यासाठी थेट चालत नाहीत. सुरुवातीच्या मुलांसाठी यात्रेतून पारखून घेतलेले शांत देशी घोडे, आणि पुढच्या टप्प्यावर पुन्हा प्रशिक्षित केलेले रेसचे घोडे, अशी विभागणी करता येईल.

किती मुले शिकतील? २५ पैकी पाच घोडे विश्रांतीला किंवा उपचाराला धरा. उरलेल्या वीस घोड्यांनी दिवसाला दोन तास काम केले, तरी रोज ४० मुले स्वारी करू शकतात. एक दिवसाआड वर्ग ठेवले तर ८०. यातली सगळी ऑलिम्पिकला जाणार नाहीत, जायचीही गरज नाही. काही वर्षांनी पाच-सहा मुले खरोखर पुढची निघतील. त्यांच्यापैकी सिद्ध झालेल्या एखाद्या स्वारासाठी सरकारने युरोपात घोडा भाड्याने घ्यावा. घोडे भाडेकराराने घेण्याची पद्धत तिथे रूढ आहे. कोट्यवधींचा घोडा विकत घेण्याआधी हा मार्ग तपासायला हरकत नाही.

माणसे कोण? इथे सर्वांत मोठा, पण न बोलला जाणारा फायदा आहे. घोड्याला दर चार ते सहा आठवड्यांनी नालबंदी लागते. रोज खरारा, चंदी, पायांची तपासणी लागते. म्हणजे नालबंद, मोतद्दार, खोगीर दुरुस्त करणारा कारागीर, पशुवैद्य, प्रशिक्षक, घोडा वाहून नेणारा चालक. ज्या समाजांकडे हे हुनर पिढीजात होते, त्यातले अनेक आज वरातीच्या हंगामावर जगतात. त्यांच्या मुलांना या कामाचे रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळाले, तर पागा स्वारांइतकीच रोजगाराचीही शाळा होईल. आणि घोड्याच्या पाठीवर पहिल्यांदा सहज बसणारे मूल बहुधा याच घरांतून येईल, कारण त्याला घोड्याची भीती कधी वाटलेलीच नसते.

धोका आणि घोड्याचे हित यांचे काय?

हा खेळ धोक्याचा आहे, हे पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. हेल्मेट आणि छातीचे संरक्षक जाकीट सक्तीचे असते. वरच्या पातळीवर काही अडथळ्यांना ठरावीक ताण आला की मोडणाऱ्या पिना बसवतात, जेणेकरून घोडा अडकून उलटणार नाही. तरीही अपघात होतात. टोकियोत क्रॉस कंट्रीनंतर स्वित्झर्लंडच्या 'जेट सेट' या घोड्याचा पाय इतका जबर दुखावला की त्याला दयामरण द्यावे लागले. त्यानंतर जगभर खेळाकडे कठोर नजरेने पाहिले जात आहे, आणि ते योग्यच आहे.

म्हणून सरकारी पागेची पहिली अट घोड्याबद्दल असावी, स्वाराबद्दल नंतर. घोड्याचे कामाचे तास लिहून ठेवणे, दर महिन्याला पशुवैद्याची तपासणी, आणि म्हातारा झालेला घोडा लिलावात न काढता त्याच्या निवृत्तीची सोय. ज्या राज्याला एवढे जमणार नसेल, त्याने पागा काढू नये. उपाशी घोडे आणि रिकामा तबेला, या दोन गोष्टींत रिकामा तबेला बरा.

पुढे काय?

२०२६ च्या सप्टेंबरमध्ये जपानमधील आयची-नागोया येथे आशियाई क्रीडा स्पर्धा होत आहेत. पटायाच्या सुवर्णानंतर इव्हेंटिंगकडून अपेक्षा वाढणे स्वाभाविक आहे. घोडामैदान जवळच आहे. पदक आले तर मिरवणूक निघेल, बक्षिसे जाहीर होतील. नाही आले तर खेळ पुन्हा चार वर्षे विसरला जाईल. दोन्ही वेळी मूळ प्रश्न जागच्या जागी राहील.

तो प्रश्न लिमये किंवा मिर्झा यांचा नाही. ते आपापल्या वाटेने तिथे पोहोचले आहेत. प्रश्न त्या मुलीचा आहे जी माळेगावच्या यात्रेत बापाच्या घोड्याला लगाम न लावता फिरवते, आणि त्या मुलाचा जो वरात संपल्यावर रात्री एक वाजता रिकाम्या घोड्यावर बसून पडेगाव किंवा मिटमिट्याच्या रस्त्याने घरी जातो. त्या दोघांची मांड पक्की आहे का, हे तपासायला आज कोणी नाही, कारण तपासण्यासाठी त्यांना बसवायचे कशावर, इथपासून सुरुवात आहे.

राज्याने शिलेदारांचे कौतुक जरूर करावे. पण बारगीर घडवायचे असतील, तर आधी पागा लागते. हे या मातीला साडेतीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.